ओळ यायच्या आधीचं हसू

तंजावूर, शनिवार, संध्याकाळ

आज आपल्या गावात मराठी सिनेमा लागला! आत्ताच दुपारचा खेळ बघून आलेय आणि लगेच लिहायला बसलेय.

लहानपणी अप्पा पुण्याहून मराठी सिनेमाची व्हिडिओ कॅसेट आणायचे, तेव्हा अख्खी गल्ली आमच्याकडे जमायची. शेजारच्या तमिळ मामींना मी एकेक वाक्य सांगत बसायचे, म्हणून त्या नेहमी सगळ्यांच्या मागून हसायच्या. आज ते काम पडद्याखालच्या तमिळ ओळी करत होत्या, आणि त्याही जरा उशिराच येत होत्या.

नित्याला ओढूनच नेलं. मी मराठीत विचारते, ही पोरगी तमिळमध्ये उत्तर देते. "अम्मा, मी ओळी वाचीन, तू मध्ये सांगू नकोस," हेसुद्धा तमिळमध्येच. बरं बाई!

पडद्यावर जावई गायला बसला. सासरे म्हणाले, "आवाज गोड आहे. थांबतो कधी?"

ओळ अजून आली नव्हती आणि माझ्या शेजारून खळखळून हसू आलं. नित्या? माझी नित्या? बाकीचं थेटर तिच्या मागून हसलं! ते हसू अजून कानात आहे.

बाहेर येताच विचारलं, "ओळ यायच्या आधीच कशी गं हसलीस?"

"कुठली ओळ?" म्हणाली. तमिळमध्येच.