न्यूट्रलमधला घाट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

प्रथम क्षमा मागते. जिला गाडी चालवता येत नाही, जिने एकही शर्यत पाहिलेली नाही, तिने गाड्यांच्या शर्यतीवर लिहिण्याचे धाडस करू नये. परंतु वहीला इंग्रजी लागत नाही, म्हणून लिहिते.

कॉलेज रोडवरच्या आमच्या कार्यालयात सात माणसे मिळून मोबाइलवरचा गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ तयार करतात. मी आठवी. माझे काम तो खेळण्याचे — म्हणजे तपासण्याचे! गाडी खऱ्या गाडीसारखी वळते का, घसरते का, थांबते का. तीन महिन्यांची उमेदवारी १४ तारखेला संपते. त्या दिवशी घाटाच्या टप्प्यावर ‘तपासले, वास्तवाशी जुळते’ असे लिहून मी सही करायची आणि नोकरी कायम. आमचे प्रमुख देवव्रत सर, त्यांनी हे चहा मागवावा तितक्या सहज सांगितले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर ब्रेक दाबले. ताशी चाळीसच्या वेगाला गाडी नऊ मीटरांत थांबते, ऐंशीला अठरा मीटरांत. साफ चूक! वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. गतिज ऊर्जा आम्हाला नववीतच होती. सरांनी ही चूक मान्य केली. सायंकाळपर्यंत दुरुस्तही झाली.

घाटाचे मात्र कोणी ऐकत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचवल्याचे गुण मिळतात. ही ललितची कल्पना. घाटाचा सगळा टप्पा त्यानेच रचला आहे. मी पंचवीस वेळा उतरले. शेवटच्या वळणावरही ब्रेक पहिल्याइतकाच ताजा, जराही तापत नाही! माझे वडील, आबा, सव्वीस वर्षे एसटी चालवतात. गाडी घाटात मोकळी सोडायची नसते, गिअरच तिला धरून ठेवतो, हे मी त्यांच्याकडून जेवताना शंभरदा ऐकले आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चार पानी अहवाल दिला. सर म्हणाले, भाषा फार सुंदर आहे, आता इंग्रजीत दोन ओळी दे. मग ललित खुर्ची फिरवून म्हणाला, “मॅडम, क्लच कुठे असतो ते तरी माहीत आहे का?”

सगळे हसले. डाव्या पायाखाली असतो. उत्तर येत होते, आवाज आला नाही. दहावीला शाळेत पहिली आले, तेव्हा सत्काराच्या भाषणातही तो असाच अडकला होता.

घरी येऊन त्याला संदेश धाडला — रविवारी हरसूलच्या वाटेवरच्या घाटात खरे काय ते पाहू. आबाही येतील. त्याचे उत्तर: “या. टाकी फुल आहे.”

रविवार, ९ नोव्हेंबर

झाले ते आजच लिहायला हवे.

ललित गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी वही घेऊन, आबा मागे. आबा गिअरमध्ये उतर म्हणून सांगत होते. तो म्हणाला, “काका, मी नेहमी न्यूट्रलमध्येच उतरतो. आजवर काय झालंय?” उतार लागताच त्याने गाडी मोकळी सोडली.

पहिली तीन वळणे ठीक. चौथ्याला जळका वास आला. पाचव्याला त्याने पाय दाबला आणि पेडल आणखी खोल गेले. त्याचा चेहरा मी पाहिला. गाडी वेग धरत होती. वळणापलीकडून एक पिकअप वर येत होती.

आबा ओरडले नाहीत. मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून इतकेच म्हणाले, “पोरा, घाबरू नको. तिसरा टाक. हां. आता दुसरा.” इंजिन किंचाळले. बैलाने मान टाकावी तशी गाडी मंदावली. पिकअप हातभर अंतरावरून गेली.

खाली थांबलो तेव्हा पुढच्या चाकांतून धूर येत होता. ललित पाण्याची बाटली घेऊन धावला. आबांनी त्याचा हात धरला. “पाणी नाय टाकायचं, लोखंड वाकडं व्हतं. निवू दे.” तासभर आम्ही कडेच्या दगडावर बसून होतो. क्लचविषयी कोणी काही विचारले नाही!

सोमवार, १० नोव्हेंबर

बैठक. सर म्हणाले, खेळणाऱ्यांना मजा हवी, ड्रायव्हिंग स्कूल नको. आणि मी बोलले! अडखळले, पण बोलले. “मग जाहिरातीतून ‘खराखुरा घाट’ हे शब्द काढा, सर.”

ते शब्द म्हणे निघायचे नाहीत. सरांनी ललितला विचारले, तू होतास ना गाडीत? ललित पडद्याकडे पाहत म्हणाला, “थोडा वास आला, सर.”

थोडा!

मग सर माझ्याकडे वळले. लायसन्स नसलेल्या मुलीच्या म्हणण्याला आधार काय? “रोज काय तपासलंस, कसं तपासलंस, त्याच्या मूळ नोंदी शुक्रवारी सगळ्यांना पाठव. नसतील तर सही कर. दोन्ही नसेल, तर इथेच थांबू.”

बुधवार, १२ नोव्हेंबर

आबांना सांगितले. ते बुटाची नाडी बांधत होते. “गाडीत दोष दिसला तर मी डेपोत लिहून देतो. गाडी बाहेर नाय काढत. साहेब वरडतो. वरडू दे.” आणि ड्यूटीवर गेले.

दुपारी ललितने माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेले काहीतरी ठेवले. गाडीतून बदललेले जुने ब्रेक पॅड — तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले. “तुझ्या नोंदीत लिही,” म्हणाला. “घाटातलं सगळंच लिही.”

लिहिलेलेच आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मूळ नोंदी म्हणजे हीच वही. दुसरी नाही.

सर्व पानांची छायाचित्रे काढली, सोबत ब्रेक पॅडचे एक. सातही जणांना. मराठीतच. एक शब्दही बदललेला नाही. फक्त पहिल्या पानावरची क्षमा खोडली आहे.

तपासले. वास्तवाशी जुळत नाही.
— हर्षाली गेणू खैरनार

पाठवले: १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी १० वाजून ४२ मिनिटे.