बारा चिंचोके

२ जानेवारी

दूध उतू गेलं नाही, पातेलंच जळलं! वरच्या दीपालीला वास आला, तिने दार वाजवलं तेव्हा कळलं. पंधरा दिवसांतली तिसरी खेप. पूर्वाला बंगळूरला कुणी कळवलं कोण जाणे. ‘आई, आता एकटी राहू नकोस. घर बंद कर आणि इकडे ये.’ बंद कर म्हणे — दुकान आहे का!

४ जानेवारी

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग तेच शब्द विचारले. दोनच आले. कात्री आणि पूल. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, चारशे नंबर तोंडपाठ असलेली यमुनाबाई — आणि दोन शब्द! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘रोज चाळीस मिनिटं भराभर चाला. थोडा दम लागू दे. मेंदूला रक्त जास्त मिळतं, आठवण सुधारू शकते. खात्री देत नाही. तीन महिन्यांनी परत बघू.’ पूर्वानेही एकटं राहून दाखवायला तेवढीच मुदत दिली आहे.

११ जानेवारी

मैदानाच्या फेऱ्या मोजताना विसरते. म्हणून स्वेटरच्या डाव्या खिशात बारा चिंचोके. फेरी झाली की एक उजव्यात. उलट्या दिशेने चालणारे बापूराव म्हणाले, ‘काकू, चालताय की प्लॉट बघताय?’ मेला खवचट! पण आज दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस तेवढंच.

१९ जानेवारी

धीर करून चंद्रभागेला फोन लावला. माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची, डबा एकच खायचो. माझ्या निरोप समारंभाला आली नाही म्हणून मी अबोला धरला. नवरा दवाखान्यात होता तिचा, हे नंतर कळलं. तरी मी गेले नाही. वीस वर्षं!

नंबर बोटांना अजून पाठ आहे. पलीकडून — ‘हा नंबर अस्तित्वात नाही.’ लाइन काढून टाकली असेल. किंवा तीच गेली असेल. मला कोण कळवणार?

२ फेब्रुवारी

गुडघे दुखतात. बारा फेऱ्या. कुणाशी बोलले नाही.

२० फेब्रुवारी

बापूराव आठवडाभर दिसले नाहीत. विचारायचं कुणाला? त्यांचं आडनावही माहीत नाही.

९ मार्च

किराणा यादी न बघता आणला. हिंगसुद्धा! दीपालीला सांगावं म्हणून जिना चढले. कुलूप. तशीच खाली आले आणि एकटीच हसले.

३ एप्रिल

पाचपैकी पाच! वर जानेवारीतले पाचही म्हणून दाखवले — कात्री, पूल, आंबा, टोपी, शाळा. डॉक्टर म्हणाले, ‘आता तुम्हीच माझी परीक्षा घेताय.’ पूर्वाला फोन केला. ‘मीटिंगमध्ये आहे गं, ग्रेट, राहा तिकडे.’ राहा तिकडे. घर राहिलं. मग सोफ्यावर बसून रडले. डोकं इतकं लख्ख आणि सांगायला कुणी नाही.

५ एप्रिल

सातवी फेरी. चिंचोका हातातच राहिला. दोन! पुण्याच्या सगळ्या नंबरांपुढे दोन आला तेव्हा दिवसभर मीच लोकांना सांगायचे — आधी दोन लावा, मग जुना नंबर. आणि मीच जुना फिरवून तिला मेलेली ठरवलं! पाच फेऱ्या सोडून घरी आले. रिंग गेली.

सून बोलली. ‘आईंना आता माणसं ओळखता येत नाहीत हो. दिवसभर बसूनच असतात. देते त्यांना.’

‘चंद्रा, मी यमुना.’

‘कोण यमुना?’

चुकलं गं माझं, म्हणाले. तिने ऐकून घेतलं. मग ड्यूटीवरच्या त्याच आवाजात म्हणाली, ‘लाइनवर राहा.’

६ एप्रिल

पहाटेची बस. बिबवेवाडी, चंद्राचं घर. चोवीस चिंचोके घेतले आहेत, बारा माझे, बारा तिचे.