दालचिनीच्या गोदामातील अखेरचा शब्द

मी असरुल, कुळाचा प्रमुख, पदवी दातुक तान माजोलेलो, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार पादांग, व्यवसाय दालचिनीची निर्यात, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. यात तीन विधाने सिद्ध करावयाची आहेत: माझी बुद्धी शाबूत आहे, जे देतो ते देण्याचा मला अधिकार आहे, आणि माल पारखण्यात साठ वर्षांत माझी एकही चूक झालेली नाही.

पहिल्या विधानाचा पुरावा म्हणून पुढील वाक्यरचना सादर आहे.

दुसरे विधान. डोंगरातले मोठे घर आणि भातखाचरे आमच्या रिवाजाप्रमाणे आईकडून बहिणीकडे आली, बहिणीकडून तिच्या लेकीकडे जातील. ती माझी कधीच नव्हती. सबब ती वाटण्याचे औदार्य मी दाखवीत नाही. पादांगचे राहते घर मुलगा हेंद्री यास. त्याला दालचिनी आणि पेरूची साल यांतला फरक कळत नाही, आणि तसे तो हसत सांगतो. वारस म्हणून त्यानेच दिलेल्या लेखी संमतीने मुआरो धक्क्यावरचे माझे स्वकष्टार्जित गोदाम, तराजू, करवती आणि जहाजावर चढणाऱ्या मालाविषयीचा अखेरचा शब्द भाची युस्निदार हिला. कांडी मोडताना ती डोळे मिटते. ‘कट्’ असा आवाज आला तर माल जहाजावर, नाहीतर पुन्हा उन्हात. हा कान तिला माझ्याकडून मिळालेला नाही.

परदेशी गिऱ्हाइकाने भेट दिलेले ओलावा मोजण्याचे यंत्रही तिलाच, खोक्यासह. खोक्याची चिकटपट्टी मी आजवर काढलेली नाही.

शेजारचा लवंगवाला बुयुंग आमच्या कॉफीच्या पानांच्या काढ्याला ‘गुरांचा चहा’ म्हणतो. बिया जहाजाने जगाकडे जातात, पाने आमच्याकडे उरतात. गुरे कोण, ते त्याने ठरवावे. त्यास माझी काळी छत्री द्यावी, कारण ती त्याचीच आहे.

तिसरे विधान. काल दुपारी येथवरचा मसुदा युस्निदार आणि तिचे वडील मार्लिस यांना वाचून दाखवला. मार्लिस यांना मी साक्षीदार म्हणून बोलावले होते.

“मामा, गोदाम नको मला,” युस्निदार म्हणाली.

“का?”

“तिसरं खोटं आहे. बाबा खरं बोलले तर तुम्ही त्यांना हसून गप्प केलंत. मग माझा अखेरचा शब्द तरी कोण ऐकणार?”

प्रकरण सव्वीस वर्षांपूर्वीचे. मोठ्या घरातल्या बैठकीत मार्लिस म्हणाले होते, “दातुक, साल ओली आहे. मोडत नाही, नुसती वाकतेय.” बायकोच्या घरी नांदणाऱ्या जावयाला आमच्यात बुंध्यावरची राख म्हणतात, फुंकर मारली की उडाली. मी फुंकर मारली: “अरे वा, आज राखेला वाचा फुटली!” बैठक हसली. त्यानंतर सात म्हणी आणि तीन पूर्वजांचे दाखले देऊन मी साल कोरडी असल्याचे सिद्ध केले. खंडन कोणालाच जमले नाही. सालीने मात्र ते भाषण ऐकले नव्हते. माल रॉटरडॅमहून बुरशी घेऊन परत आला, आणि मी तो दोष आजतागायत समुद्राला देत आलो.

“दाजी, तुम्ही सही करून टाका,” मी म्हटले.

मार्लिस यांनी करवंटीतला काढा सावकाश संपवला. “दातुक, मी पडलो राख. राखेची सही कागदावर टिकायची नाही.”

युस्निदार खुदकन हसली. मलाही हसू आवरले नाही. पहिल्या विधानाला हा जादा पुरावा जोडावा.

सबब तिसरे विधान मी खोडत नाही, कारण खोडले तर काय कबूल केले तेच कळणार नाही. खाली कबुली देतो: साल ओली होती. मार्लिस यांचे खरे होते. समुद्र निर्दोष आहे. ही चूक माझी.

गोदाम घेण्यास युस्निदारने आज सकाळी होकार दिला. आधी एक कांडी मोडून पाहिली.

सही: असरुल, दातुक तान माजोलेलो
पादांग, १४ मे २०२४

साक्षीदार:
१. स्याहबुद्दीन, मशिदीतील शिक्षक
२. मार्लिस, मोठ्या घरचे जावई. शाई वाळल्याची खात्री स्वतः केली आहे.