यजमान मिठाचे झाले

बाळकुम, पौष वद्य ५, शके १८१५

तीर्थरूप शेवंतीआक्का हिच्या चरणी धाकट्या मनूचा सा. न. वि. वि.

सारी खुशाल आहोत असे लिहायची रीत आहे, पण कालच संकष्टी पाळलेली. खोटे लिहून ते पुण्य कशाला घालवू? इकडच्या स्वारीचे चित्त ठिकाणावर नाही. तू मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात नर्स होतीस म्हणून तुला लिहिते. आईला कळवू नकोस.

आपण मिठाचे झालो आहोत, असे इकडून सांगणे होते. पाणी लागले की विरघळू, म्हणून महिना होत आला तरी स्नान नाही, चूळ नाही, देवाचे तीर्थही नाही. पिण्याला दूध तेवढे चालते. गवळी त्यात किती पाणी घालतो ते मी बोलले नाही. सरपण आणि शिकेकाई वाचते खरी, पण असली काटकसर देवा नको.

गुणाजी भावोजींनी समजूत घालण्यासाठी म्हणून, होय दादा, मिठाचाच तू, असे म्हणत आमच्या मिठागरावरची रास शाकारतात तसे त्यांना पेंढ्याने शाकारून ठेवले. आता पेंढा काढू देणे होत नाही. मी पडले मॅट्रिक झालेली. म्हटले, पुराव्यानिशी दाखवून देऊ. देव्हाऱ्यासमोर बसवले आणि मनगटाला जीभ लावून पाहिली. आक्का, खारट लागले गं! इतके दिवस अंगाला पाणी नाही, दुसरे काय लागणार? माझे तोंड पाहूनच ओळखणे झाले. आता येईल त्याला सांगणे होते, की आमच्या घरातून चाखून खात्री झाली आहे.

माघी पौर्णिमेला गाडी जोडून त्या इस्पितळात नेऊन घालतो, असे भावोजी म्हणतात. माझा जीव थाऱ्यावर नाही. काय करू ते उलट टपाली लिही. वाट पाहणारी,
मनू

कल्याण, पौष वद्य ८

चि. सौ. मनूस शेवंतीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून आधी हसले. त्याची लाज वाटली नाही. हसल्यावाचून तिथली सहा वर्षे निघालीच नसती. तिथून बरे होऊन घरी जाणारेही असतात, तेव्हा धीर सोडू नकोस. पण घरी निभत असेल तर निभवू.

भावोजींनी होकार भरला, तू खोडून काढायला गेलीस. दोघे मिठाविषयी बोललात; दामाजीरावांना काय होते आहे ते कोणी विचारले का? मला तसे दिसत नाही, एवढे एकदा शांतपणे सांग आणि वाद सोड. त्यांना भीती वाटते ना, तिची विचारपूस कर. रोज ठरल्या वेळी जवळ जाऊन बस. येते म्हटलेस की जायचेच, दूध उतू गेले तरी. बोलले तर ऐक, न बोलले तर गप्प बस. हे तुला जड जाईल; लहानपणी तू कीर्तनकारबुवांनाही मध्येच दुरुस्त करायचीस. चोरून पाणी शिंपडू नकोस. तुझ्या तीर्थाच्या पळीविषयी मला दाट शंका आहे. एकदा विश्वास गेला की पुन्हा पहिल्यापासून.

त्यांच्या हाताला कोरडे काम दे. जीभ सुकली किंवा झोप अगदीच उडाली तर ठाण्याच्या डॉक्टरांना बोलाव. जिवाचे काही बरेवाईट बोलले तर एकटे सोडू नकोस. आणि तू वेळेवर जेव. उपास पुढे पुष्कळ येतील. तुझी काळजी वाहणारी,
शेवंती

बाळकुम, माघ शुद्ध ११

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पळीची शंका खरी होती. इकडे डोळा लागलेला पाहून शिंपडले, आणि असा आकांत झाला की वाडीतली माणसे धावून आली. मी कबूल केले, पुन्हा करणार नाही म्हटले, आणि पळी कुलपात घातली. देवालाही सांगितले, की हल्ली तीर्थ मी एकटीच घेईन.

रोज तिसऱ्या प्रहरी पेंढ्याशेजारी बसते. पहिले काही दिवस जीभ दाताखाली धरून होते. वाती वळायला कापूस दिला; इतक्या वळून झाल्या, की गावातल्या साऱ्या देवांना पुरून उरतील. परवा वळता वळता आपण होऊन बोलणे झाले. गेल्या वैशाखात वादळाच्या आदल्या दिवशी, आभाळ कोरडे आहे, आज राशी झाकू नका, असे इकडूनच सांगणे झाले होते. सकाळी मीठ विरघळून नुसता चिखल. गडी उभे राहिले, कोणी ब्र काढला नाही. एकाने तरी शिवी घालायची होती, असे म्हणणे झाले. झाले गेले विसरावे, असे माझ्या अगदी ओठावर आले होते. गिळले. फार जड गेले असेल, एवढेच म्हटले. बराच वेळ माझा हात धरून ठेवणे झाले.

पण पाण्याचे नाव नाही, आणि पौर्णिमा चार दिवसांवर. भावोजी ऐकत नाहीत. आशीर्वाद जरा जास्त पाठव.
मनू

बाळकुम, माघ वद्य १

ती. आक्कास सा. न. वि. वि.

काल भावोजी गाडी आणि दोन गडी घेऊन आले. स्वारी पेंढ्यात आत आत जाऊ लागली. मी कमरेला पदर खोचून भांडायला उभी राहिले, तोच भावोजी पेंढ्याकडे न पाहता कासऱ्याची गाठ पुन्हा पुन्हा सोडताना-बांधताना दिसले. एवढा मिशाळ माणूस! भांडण गिळले, पाट मांडला आणि विचारले, की भावोजी, तुम्हाला कसली भीती वाटते? आधी म्हणाले, मला कसली भीती, बायकांनी मध्ये पडू नये. मी गप्प बसले. आता सवय झाली आहे. मग एकाएकी हुंदका फुटला. आजोबाही असेच भ्रमिष्ट होऊन गेले, आज दादा, उद्या मी, म्हणून लेकरासारखे रडले. दादाला डोळ्यांआड केले की निदान रोज दिसणार तरी नाही, असे म्हणाले. रडता रडता उचकी लागली ती थांबेना.

पेंढा खसखसला. कोणी सांगितले नव्हते आक्का, मी तर जागची हललेही नव्हते. स्वारी उठली, माठापाशी गेली आणि लोटी बुडवून आणून भावोजींच्या तोंडाला लावली. दादा, तुझा हात, असे भावोजी पुटपुटले. मनगटापर्यंत ओला होता. तो उजेडात धरून बोटे मोजणे झाले. पाचही होती.

भावोजी जेवून रिकामी गाडी घेऊन गेले. तिसऱ्या प्रहरी दादाजवळ बसायला मीही येत जाऊ का, असे जाताना हळूच विचारून गेले. अंघोळीला अजून अवकाश आहे. मात्र काल बोटे मोजून झाल्यावर स्वारीने लोटी पुन्हा एकदा माठात बुडवली. भावोजींची उचकी अजून थांबली नव्हती म्हणून, की बोटांची खात्री करायची होती म्हणून, ते मी विचारले नाही. आशीर्वादात आता आम्हा तिघांना धर.
तुझी
मनू