एक्केचाळीस सह्या

३ जून, मंगळवार
तिसरं पान मी त्यांना वाचून दाखवलंच नाही. पान उलटलं अन् पुढं गेले.

पेडगावचे सिद्धोधनमामा ऑफिसात आले होते. नात्याचे नाहीत, पण बाबांचे जुने सोबती, म्हणून लहानपणापासून मामाच. मोंढ्याच्या धान्यबाजारात बन्सीधरशेठच्या गोदामावर हमाली करतात. पिशवीतून जपून पाकीट काढलं. मुंबईच्या तपास खात्याचं समन्स! इंग्रजीत, सहा पानं.

"संघप्रिया, तूच वाच बाई. तू सीए हायस."

वाचलं. मामांच्या नावावर एक कंपनी आहे. त्या कंपनीनं हाँगकाँगला त्रेसष्ट कोटी रुपये पाठवले — जहाजाचं भाडं म्हणून. मामा हसायला लागले. "गोदावरीतली होडी सोडून म्या दुसरं जहाज पाह्यलं न्हाई." मग हसणं थांबलं. दोन वर्षांमागं शेठनं पीएफसाठी म्हणून आधार कार्ड नेलं होतं, चार कागदांवर सह्या घेतल्या होत्या म्हणे.

तिसऱ्या पानावर लिहिलंय — हे पैसे बाहेर जायला सीएची एक्केचाळीस प्रमाणपत्रं लागली. खाली त्या सीएचं नाव.

माझं.

"काहीतरी चूक झाली असेल, मामा," म्हणाले. चहा पाजला.

४ जून
फाइल काढली. एक्केचाळीस. जहाजभाड्याचं बिल एकालाही जोडलेलं नाही.

७ जून
कसं झालं ते निदान इथं तरी खरं लिहावं.

पैसा परदेशी पाठवायचा तर व्यवहार खरा आहे, कर भरलाय, असं सीएनं लिहून द्यावं लागतं. मग बँक पैसे सोडते. माझं ऑफिस नवीन होतं. लोक यायचे, पाटी वाचायचे, आडनाव विचारायचे, अन् "कागद घेऊन येतो" म्हणून जायचे ते जायचेच. आठ महिने असे काढले. बन्सीधरशेठनं आडनाव विचारलं नाही. केवढी भारावले होते मी! आईला फोन करून सांगितलं होतं. आता कळतंय — त्यांना आडनावाशी काही घेणंच नव्हतं. सही पाहिजे होती.

"बिलं मागून पाठवतो, ताई. बँक खोळंबलीय." दर वेळी हेच. दर सहीला आठशे रुपये.

कंपनीचा मालक — सिद्धोधन वाव्हळे, मु. पो. पेडगाव. हे नाव मी एक्केचाळीस वेळा पाहिलं. दुसरा कुणी असेल, असं मनाला सांगितलं. विचारायला एक फोन पुरला असता. केला नाही. कारण उत्तर काय येणार ते आत कुठंतरी ठाऊक होतं.

९ जून, सोमवार
शेठकडं गेले. आवाज चढवायचा ठरवलं होतं. चढला नाही.

पैसे कुणाचे होते, विचारलं. ते विड्याचं पान जमवत म्हणाले, "पाथरीच्या पतसंस्थेतले. संचालकांचं काम होतं, आपण नुसती वाट करून दिली." इतकं सहज!

"अन् मामा?"

"हमाल माणूस. सहा महिने आत राहील, सुटंल. त्याच्या घरी किराणा जाईल, मी जबान देतो. तुमचं मात्र अवघड हाय, ताई. सही तुमची. लायसन गेलं तर परत मिळत न्हाई."



११ जून
पाथरीला गेले. कशाला गेले, माहीत नाही. पतसंस्थेचं शटर चार महिन्यांपासून बंद. तरी दारात पंधरा-वीस माणसं बसलेली. रोज येतात म्हणे, पासबुकं घेऊन. दगडाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई शेजारी सरकल्या. मलाही ठेवीदारच समजल्या.

"तुजे किती गेले?"

मी उलट त्यांनाच विचारलं.

"माजे तीन लाख. मालक गेल्यावर मिळालेले. मोतीबिंदूसुद्धा काढला न्हाई त्यातून, दुप्पट हुतील म्हणून ठिवले. आता मॅनेजर म्हणतो पैसेच न्हाईत. इतका पैसा जातो कुठं गं, बाई? तू शिकलेली दिसतीस."

कुठं जातो ते त्या रांगेत फक्त मला माहीत होतं. माझ्या टेबलावरून जातो. हाँगकाँगच्या एका खोलीत जातो, जिथं दारावर नुसती पाटी असते. तिथून पुढं दुबई, अन् पुढं कुणालाच दिसत नाही.

त्यांनी मला डब्यातली अर्धी भाकर दिली. खाल्ली. नाही म्हणता आलं नाही.

१३ जून
मामा परत आले. उद्याच्या गाडीनं मुंबई. धुतलेला सदरा, नवी चप्पल. म्हणाले, कडूबाईनं — म्हणजे आमच्या मामींनी — दोन दिवसांच्या दशम्या बांधल्यात.

मग विचारलं, "पोरी, मला काही सांगायचं राह्यलंय का?"

घशापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं! पाटी डोळ्यांपुढं आली. पाटी लागली त्या दिवशी रडलेली आई आली.

"नाही, मामा. साहेब विचारतील ते खरं सांगा."

"बरं," म्हणाले. उठले. दारात वळून "जय भीम" म्हणाले.

१७ जून
मामांना अटक.

१८ जून
शेठचा फोन — "बघा, म्हणलं नव्हतं? पोरं पाठवून किराणा टाकलाय त्याच्या घरी." पोत्यात काय काय आहे तेही सांगत होते. मी फोन ठेवला. पहिल्यांदाच, ते बोलत असताना.

२१ जून
जेवण जात नाही. आईला वाटतंय ताप आहे. जवळ बसून कपाळाला हात लावते. तो हात सहन होत नाही.

दोन वेळा जीव द्यायचा विचार आला. लिहून ठेवते, म्हणजे त्याची भीती कमी होईल. मी मेले तर मामा आतच राहतील. ही एकच गोष्ट मला थांबवतेय. चांगुलपणा नाही, हिशेब आहे.

२३ जून, सोमवार
आईला सांगितलं. सगळं. तिनं उठून कपाटातून माझी प्रवासाची बॅग काढली.

२६ जून
मुंबई. सात तास जबाब. एक्केचाळीस कागद, शेठचे मेसेज, पतसंस्थेचं नाव — सगळं दिलं. अधिकारी मध्येच थांबले. "समन्समध्ये तुमचं नाव होतं, तुम्हालाही बोलावणारच होतो. वाव्हळेंना आम्ही चार वेळा विचारलं, या सीएला ओळखता का. ओळखत नाही म्हणाले."

मी पाणी मागितलं.

३० जून
बाहेर आहे, पण बोलावतील तेव्हा जायचं. लायसन जाणार, हे नक्की. पाटी मीच काढली. स्क्रू गंजले होते, निघेनात. शेठ गोदामाला कुलूप घालून गेलेत, कुठं ते कुणाला माहीत नाही. दगडाबाईंचे पैसे परत येतील, असं कुणीच म्हणत नाही. मामांचा जामीनअर्ज शुक्रवारी.

२ जुलै
पेडगावला गेले. मामींच्या पाया पडून सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ठावं हाय मला. कागद आला त्याच दिशी शाळेच्या गुर्जीकडून समदा वाचून घेतला हुता ह्यांनी. तुजं नाव बी."

"मग माझ्याकडं वाचायला का आणला, मामी? दोनदा का आले?"

"मीबी तेच इचारलं. तर म्हणले, तिच्या तोंडून ऐकायचंय. त्या पोरीला मी खांद्यावर घेऊन हिंडलोय, ती सांगंल."