वादळावर अडकलेला काटा

विंड रिव्हरचं खोरं, वायोमिंग
७ ऑक्टोबर १९५८

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं हवामानाचं यंत्र पोचलं. बाबांनी स्वतःच्या हातानं ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलं, आणि तेव्हापासून या घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नाही. काटा 'वादळ' या शब्दाच्याही खाली जाऊन बसलाय, हलायला तयार नाही. बाहेर बघावं तर आभाळ निळंशार. रेडिओवाला सकाळी बर्फ सांगतो, संध्याकाळी बघू या म्हणतो. एल्क हरणांचे कळप अजून वर डोंगरातच चरताहेत, म्हणजे बर्फ लांब. खेचरं वाऱ्याला पाठ करून उभी राहतात, म्हणजे बर्फ जवळ. मी ऐकू तरी कोणाचं?

जन्मभर अर्ज केल्यावर यंदा कुठे बाबांना सोडतीत डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. हा महिना संपला की तो कागद चुलीत घालायचा. परत नाव लागायला ते काय शंभर वर्षं जगणार आहेत? रोज पहाटे मी खोगिरं चढवतो. रोज ते काट्यावर टिचकी मारतात, आज नको रे पोरा, वर खिंडीत सापडलो तर बर्फ वितळल्यावरच हाडं मिळतील म्हणतात, आणि कॉफी ओतून घेतात.

तू शाळेत शिकवतेस, तूच काय ते सांग. वाळवलेलं मांस पाठवलंय. वॉल्टरभावोजींना म्हणावं, एकट्यानं फस्त करू नका.

लोभ पाठवत राहा, यंत्रं नकोत.
तुझा,
ऑरिन


कर्नी, नेब्रास्का
१६ ऑक्टोबर

चि. ऑरिनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मीही चक्रावले. ज्याच्याकडून यंत्र घेतलं त्या घड्याळजीकडे गेले. तुम्ही किती उंचावर राहता ते ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. यंत्र सपाटीवरचं आहे, वर हवा मुळातच विरळ, तिथे ते बारमाही वादळच दाखवणार, म्हणाला. मला मेलीला काय ठाऊक! बाबा थकलेत, वर अडकू नयेत, एवढंच मनात होतं. पण जन्म त्या डोंगरात काढलेल्या बाबांना हे कसं कळलं नाही, तेच कळत नाही.

असो. काटा विसरा, आभाळ बघा आणि निघा.

खाली उतरल्याबरोबर दोन ओळी खरड.
तुझी,
व्हर्नाताई


विंड रिव्हरचं खोरं
२४ ऑक्टोबर

चि. सौ. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच खिंड बर्फानं बंद झाली. ऑरिननं पत्र वाचलं, यंत्र उचललं आणि घोड्यांच्या हौदात फेकलं. ताईच्या शहाणपणानं बाबांची शिकार घालवली म्हणतो. धड जेवतही नाही. बिस्किटं मी केली होती, तेही कारण असेल.

पोरी, यंत्र टांगलं तेव्हाच मला ठाऊक होतं. सपाटीवरून नवा येणारा प्रत्येक जण असलं काहीतरी घेऊन येतो आणि आम्ही हसतो. पण यंदा उन्हाळ्यात गुरांना मीठ घेऊन गेलो, तर अर्ध्या चढावर माझा श्वास संपला. घोडा होता म्हणून घरी आलो. मेंढे असतात तिथे घोडा जात नाही, शेवटचा कडा पायांनीच चढावा लागतो. ऑरिनला कळलं असतं तर त्यानं मला पाठुंगळीला घेऊन वर नेलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. रोज तो खोगीर चढवायचा आणि मला वाटायचं, आज सांगून टाकावं. समोर तुझा काटा होता, त्याच्याआड लपलो. लाज वाटते गं. त्याला सांगू नकोस.

या म्हाताऱ्यावर माया असू दे.
तुझे,
बाबा


कर्नी
३१ ऑक्टोबर

चि. ऑरिनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र मिळालं. लिहिलंस ते खरं आहे. काही माहीत नसताना मी ते यंत्र पाठवलं, आणि बाबांची शिकार माझ्यामुळे गेली. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. लेकीनं पाठवलंय म्हणून बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. नाताळला येईन तेव्हा तोंडावर बोल, मी ऐकून घेईन.

यापुढे लाकडं फोडायचं काम मात्र तू कर. का ते विचारू नकोस, मोठी बहीण सांगते म्हणून कर.

राग ठेव, पण लोभही राहू दे.
तुझी,
व्हर्नाताई