नर अंजिराचं झाड

रविवार, १७ ऑगस्ट

मातीत हात घातले की मी बरा असतो. आज सगळी आळी साफ केली, गवताची एकेक काडी मुळासकट. तहारकाका बांधावर बसून बघत होते. "रमझी, खुरपणी करतोस का बागेची दाढी?" सगळे हसले. मीही. खरं तर आवडलं मला.

बाग आता अशी आहे की बघत राहावं! अंजिरं पिकून उकललीत, आतला लाल गर दिसतो, बुडाशी मधाचा थेंब. डाळिंबांनी रंग धरलाय. ही बाग फ्रान्सला गेलेल्यांची, वारस नसलेल्यांची — म्हणजे कुणाचीच नाही. आमच्या रविवारच्या टोळीनं ती जगवलीय. फळं आजारी माणसांकडे जातात, विधवांकडे जातात. दुपारी पाटाच्या कडेला बसून रोटी, ऑलिव्हचं तेल आणि अंजिरं. शाझलीनं सगळ्यांत मोठं अंजीर माझ्यापुढे ठेवलं — "ट्यूनिसवाल्याला द्या, शहरानं वाळवलाय त्याला."

निघताना सुआदताई म्हणाली (टोळी तीच चालवते, पूर्वी नर्स होती) — "ज्याला सवड मिळेल त्यानं वाळकं-किडकं काढून टाका."

बुधवार, २० ऑगस्ट

संध्याकाळी एकटाच गेलो. वरच्या कोपऱ्यात एक अंजिराचं झाड आहे, फळं टणक, आतून भुशासारखी कोरडी. एक फोडलं तर आत बारीक काळे किडे, पंख असलेले! चांगल्या झाडांना लागले तर? करवत घेतली. पार जमिनीलगत कापलं. फांद्या सारख्या लांबीच्या करून रस्त्याकडच्या भिंतीला नीट रचून ठेवल्या. भुसाही झाडून घेतला. चिकानं हात जळताहेत, पण रविवारी सुआदताई बघेल आणि विचारेल — हे कुणी केलं?

रविवार, २४ ऑगस्ट

विचारलं तिनं. "हे कुणी केलं?"

आवाज बसला होता तिचा. तहारकाका बुंध्याजवळ खाली बसले आणि कापल्या जागेवर हात फिरवत राहिले. एखाद्याच्या कपाळावर फिरवावा तसा.

तो नर होता. या उतारावरचा एकुलता नर. जूनमध्ये त्याच्या फळांच्या माळा करून बाकीच्या झाडांना टांगतात. त्यातले ते किडे बाहेर पडतात, कोवळ्या अंजिरांत शिरतात, म्हणून ती धरतात. नाहीतर गळून जातात. सगळीच. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. मला सातव्या वर्षी ट्यूनिसला नेलं, तिथे शाळा अर्धी टाकली आणि पंचविशीत गावी परत आलो. मला कोण सांगणार? आणि मी विचारलं कुणाला?

"फुटेल की पुन्हा," कुणीतरी म्हणालं.

"फुटेल ना! आणि फळ धरेल तेव्हा मला थडग्यावर आणून द्या," तहारकाका म्हणाले.

इथल्या माणसाच्या हातून हे चुकून होईल, असं कुणाच्या मनातच आलं नाही. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं, किंवा पिऊन. मग शेजारची एक बाई बांधापलीकडून ओरडली — "लाकडं शाझलीच्या अंगणात पडलीत!"

शाझली पितो, ते सगळ्यांना माहीत आहे. भिंतीजवळची लाकडं त्यानं उचलून नेली असणार. तो मान खाली घालून म्हणाला, "मला काही आठवत नाही, ताई."

"आठवेल कसं! शुद्ध नव्हती, पण करवत बरी सापडली!" काका.

"काही दिवस येऊ नकोस, शाझली," सुआदताई म्हणाली. हळू. ते ओरडण्याहून वाईट.

मी चार पावलांवर उभा होतो. चिकानं फोड आलेले दोन्ही हात खिशात घालून.

सोमवार, २५ ऑगस्ट

उद्या सांगतो.

मंगळवार, २६ ऑगस्ट

सुआदताईच्या दारापर्यंत गेलो. ती म्हणाली, "ये ना, चहा टाकलाय." पुदिन्याचा चहा प्यालो. हवेबद्दल बोललो. परत आलो.

रविवार, ३१ ऑगस्ट

शाझलीवाचून बाग मुकी होती. काम दुप्पट केलं. पाट उपसला, वाफे बांधले. सुआदताई सगळ्यांसमोर म्हणाली, "रमझीसारखी काळजी घेणारी अजून चार माणसं मिळाली असती तर!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी — लिहायला हवं — एक क्षण छाती फुगलीसुद्धा. कसला माणूस आहे मी?

गुरुवार, ४ सप्टेंबर

मावशीनं बाजारातून बातमी आणली. शाझलीनं दारू सोडली! त्याची आई बाजारात सांगत होती — "झाड गेलं, पण माझं पोर परत आलं. स्वतःच्याच हातांची धास्ती घेतलीय त्यानं."

पहिला विचार काय आला? सुटलो! आता सांगितलं तर त्याचंच नुकसान, पुन्हा प्यायला लागेल, गप्प राहणंच पुण्याचं. किती छान बसवलं सगळं! चांगलं बसलंय म्हणूनच किळस येते.

रविवार, ७ सप्टेंबर

शाझली आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा. एकेकापुढे जाऊन माफी मागितली. तहारकाकांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. काका म्हातारे, रडले. मग माझ्यापुढे आला — "भावा, तू इतकं निगुतीनं करतोस आणि मी बघ काय केलं. माफ कर."

आणि मी म्हणालो, "असू दे."

असू दे! मी त्याला माफ केलं! मी!

सोमवार, ८ सप्टेंबर

सांगितलं. शाझलीला, त्याच्या अंगणात, त्या लाकडांसमोर. हात दाखवले — फोडांचे डाग अजून आहेत. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं एक लाकूड उचलून कापलेलं टोक पाहिलं. मग म्हणाला, "तू गप्प बसलास, ते कळतं मला. भ्यालास. पण रमझी, सगळे म्हणाले आणि मी लगेच मानलं रे. हे मी केलं नसेल, असं एकदासुद्धा मनात आलं नाही माझ्या."

 तो उठला, आतून पाणी आणून दिलं.

"रविवारी सांग सगळ्यांना. मी शेजारी उभा राहीन."

"कशाला?"

"तू पळशील म्हणून. आणि मलाही ऐकायचंय ते, सगळ्यांसमोर."